इतर अधिकार

आमच्या भागात विहिरीला पाण्यापेक्षा हिस्सेदार जास्त. आजोबांनी विहीर पाडली, मुलांनी तिचे चार-चार आण्यांचे वाटे केले, नातवांनी आण्यांच्या पया केल्या. आता मोटार कुणी कधी सुरू करायची याचं गणित इतकं नाजूक झालं आहे की सुट्टीला आलेल्या एखाद्या जावयानं हौसेनं कळ दाबली, तरी दोन घरांत आठवडाभर अबोला राहतो. सोमवार-मंगळवार थोरल्याचे, बुधवार-गुरुवार मधल्याचे, आणि उरलेले दिवस ज्याच्या वाट्याला आले त्याला ते नेहमीच कमी वाटतात. सोलापूर जिल्ह्याचं निम्मं शहाणपण आणि निम्मी भांडणं या पाणीपाळीतून निपजली असावीत असा माझा समज आहे. पण पाणीपाळीचा सर्वांत काटेकोर अंमल मी पाहिला तो विहिरीवर नव्हे, घरामागच्या बागेत. तिथल्या हिस्सेदारांपैकी एकालाही लिहिता-वाचता येत नाही, बहुधा म्हणूनच त्यांचं जमतं.

आमची वस्ती सोलापूरहून बार्शीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत, नान्नजच्या अंगाला. बाग म्हटल्यावर हिरवळ, कारंजं असलं काही डोळ्यांपुढं आणू नये. उन्हाळ्यात इथलं आकाश पितळेचं होतं. पारा चाळिशी ओलांडून बसतो तो उठायचं नाव घेत नाही. अशा उन्हातून जे जगलं वाचलं त्याला आम्ही बाग म्हणतो. एक कडुलिंब, दोन बोरी, सीताफळीची झुडपं, एक वाकडा शेवगा, वहिनीनं सांडपाण्यावर जगवलेली जास्वंद आणि कर्दळ, मेथी-कोथिंबिरीचे वाफे. मधोमध दगडी डोण. पूर्वी तिच्यात बैल तोंड घालायचे. बैल गेले, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला तहान लागते ती डिझेलची, म्हणून डोणीला काम उरलं नाही. आईनं मात्र ती भरायची सवय सोडली नाही. बैल नसताना पाणी कुणासाठी, असं विचारलं की ती म्हणते, "भरल्याली बरी दिसती." या एका वाक्यावर माळावरच्या निम्म्या जनावरांना आमचा पत्ता कळला.

घरची म्हणावीत अशी मांजरं दोन. एक चटणी, शेंगाचटणीच्या रंगाची, आणि स्वभावानं तिच्याहून एक बोट अधिक तिखट. दुसरा बोका, त्याचं नाव पाटील. पांढऱ्या अंगावर, डोक्याच्या उजव्या बाजूला कललेल्या फेट्यासारखा काळा डाग आहे त्याच्या. त्याला काम करताना कुणी पाहिलेलं नाही, पण काम चाललंय तिथं तो हजर नाही असंही कधी झालेलं नाही. शेंगा फोडायला बायका बसल्या की हा मधोमध, डाळिंबाची प्रतवारी चालली की हा क्रेटच्या काठावर, डोळे अर्धे मिटून, सगळ्यांवर एकदम विश्वास आणि अविश्वास टाकत. मांजर माणसानं पाळलं असं आपण म्हणतो. खरं तर धान्याच्या वासानं उंदीर आले आणि उंदरांच्या वासानं मांजर आलं. माणूस आधीच तिथं होता, इतकंच. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं सापडलं. म्हणजे तोवर ओळख बरीच वाढली होती. आमच्याकडंही तीच कथा. जुन्या वाड्यातल्या पेवात शाळू असे, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या मालदांडीचा, मोत्यासारखा. त्या मोत्यांवर उंदरांचा डोळा, उंदरांवर चटणीच्या खापरपणजीचा.

या सोबतीतली गंमत मला फार उशिरा कळली. मांजराला गोडाची चवच लागत नाही. गोड ओळखणारं त्याच्या जिभेचं जनुक केव्हाचं निकामी झालेलं आहे. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ते शोधून काढलं. आता पाहा, राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आमची गणना पुढची. इथं माणूस जन्मतो तो कुठल्या ना कुठल्या कारखान्याचा सभासद होण्यासाठी, आणि दोन शेतकरी भेटले की ख्यालीखुशालीच्याही आधी उसाच्या बिलाची चौकशी होते. अशा मुलखात चटणी आणि पाटील पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत आणि साखरेशी त्यांचा काडीचा संबंध नाही. निवडणुकीच्या दिवसांत दोन्ही पॅनेलच्या जीपगाड्यांखाली हा बोका सारख्याच निष्ठेनं झोपतो. तालुक्यात खऱ्या अर्थानं तटस्थ असा तोच एक.

बागेची पाळी अशी. तांबडं फुटताना शिंजीर येतो. जास्वंदीच्या तोंडाशी थरथरणारा हा जांभळा ठिपका पाहिला की रात्रीच्या शाईचा एक थेंब पुसायचा राहून गेला असं वाटतं. त्यानंतर सातभाई. सहा असोत की नऊ, नाव सातभाई, आणि कलकलाट सत्तरांचा. दहाच्या सुमाराला कुंपणाच्या निवडुंगातून मुंगूस निघतं आणि पूर्णविराम न सापडलेल्या वाक्यासारखं डोणीपर्यंत लांबत जातं. लहानपणी आम्ही त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो. ते दिसणं शुभ. आता ते शपथेविनाच दिसतं, त्यामुळं शुभाचा भाव जरा उतरला आहे. दुपार ओसाड. फक्त एक सरडा कुंपणाच्या खांबावर जोर काढत असतो, आणि खारी डोणीच्या काठाशी पोट टेकवून गार दगडाचं औषध घेत असतात. दिवेलागणीला कडुलिंबाच्या ढोलीतून पिंगळ्यांची जोडी डोकं काढते आणि आमच्या घराकडं अशा नजरेनं बघते की आपण भाडं थकवलं आहे की काय अशी शंका यावी. रात्री, हिवाळ्यात, बोरीखाली खोकड येतं. आणि पहाटेच्या आधी, कुणी पाहिलं असेल-नसेल अशा वेळेला, एखाद्या जुन्या अफवेसारखं रानमांजर येऊन जातं.

या सगळ्यांत आमची दोन मांजरं कुठं बसतात? मी आधी समजत होतो, ती मालक आहेत आणि बाकीचे पाहुणे. तसं नाही. मुंगसाच्या वेळेला चटणी शेवग्याच्या बेचक्यात जाऊन बसते आणि दूर कुठंतरी बघत राहते. चार हातांवर मुंगूस पाणी पीत असतं, पण तिनं ते पाहिलेलं नसतं. नावडत्या नातेवाइकाला एस.टी. स्टँडवर न पाहण्याची जी कला आपल्याकडं आहे, तिचा उगम इथं असावा. पॉल लायहाउझेन नावाच्या जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञानं मांजरांच्या वाटांचा माग काढत वर्षं घालवली. त्याला दिसलं ते असं: एकच पायवाट अनेक मांजरं वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी, समोरचा वाटेवर आहे असं दिसलं की दुसरं थांबतं, बसतं, त्याला जाऊ देतं. वाट कुणाच्या मालकीची नसते, वेळ मात्र असते. वाचून मला वाटलं, या गृहस्थाला आमच्या चुलत्यांच्या भेटीला आणायला हवं होतं.

पाटील आणि खोकड यांचा प्रसंग तर मी बोरीच्या हंगामात पुन्हा पुन्हा पाहिला आहे. खोकड म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा. किडे, उंदीर खातो, आणि पडलेली बोरं त्याला मनापासून आवडतात. शेपटीचं टोक काळं, जणू नुकतंच दौतीत बुडवून काढलं आहे. नाव वन्य पशूंच्या यादीत, कायद्याचं संरक्षण, सगळा रुबाब. पण वजनाला भरतं दोन-तीन किलो. पाटील भरतो पाचाच्या घरात. म्हणजे ज्याला रानटी म्हणायचं ते नाजूक, चार पावलं टाकून थबकणारं. आणि ज्याला पाळीव म्हणायचं ते ओट्यावर पसरलेलं, रस्ता अडवून बसलेलं. खोकड बोरं उचलतं, एकेक करून, मानेला हलका झटका देत. पाटील बघतो. गोड त्याला कळत नाही, बोरांत त्याला रस नाही, आणि ज्या गोष्टीत आपल्याला रस नाही तिथं उदार होणं सर्वांनाच जमतं. तरी मला त्याच्या बघण्यात थोडं कुतूहल दिसतं. हा एवढासा प्राणी रात्रभर हिंडतो, बिळात राहतो, कुणी त्याला दुधभाकरी देत नाही. आणि तरीही त्याच्या चालण्यात लाचारी कशी नाही? दादा हंगामात खालच्या फांद्यांची बोरं झोडपत नाही. विचारलं की म्हणतो, "कमरंत वाकवत न्हाई आता." वरच्या फांद्यांसाठी मात्र शिडीवर चढतो.

रात्रीच्या पाळीत माणसंही असतात, ही गोष्ट शहरातल्या वाचकाला सांगायला हवी. शेतीची वीज आठवड्यात काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची असली की माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला निघतो. एक वाफा भरला की बांध फोडून पाणी दुसऱ्यात वळवायचं, आणि त्यात पहाट करायची. पाणी उंदरांच्या बिळांत शिरतं, उंदीर उघड्यावर येतात, आणि हे माहीत असलेले सगळे बांधावर येऊन बसतात. एकदा दादा तापानं पडला होता, म्हणून वहिनी आणि मी गेलो. बॅटरीच्या उजेडात बांधावर दोन हिरवे दिवे लागले. वहिनी भडकली. "काय गं भवाने, रातच्याला जेवायला हाक मारून मारून घसा बसला, आन्‌ हितं येऊन बसलीस व्हय?" दिवे हलले नाहीत. "बघती काय अशी? चल घरी!" तेव्हा ते उठलं. पाय उंच, शेपूट आखूड, तिच्यावर काळी कडी, कानांच्या टोकांना केसांचे बारीक झुबके. चटणीच्या दीडपट अंगाचं रानमांजर. त्यानं आमच्याकडं शांतपणे पाहिलं, आणि माझी शपथ, चार पावलं घराच्या दिशेनंच चाललं, मग उसात वळलं. वहिनी काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "भावजी, त्याला बी कुणी हाक मारत नसंल न्हवं."

ऊस हे या रानमांजरांचं खरं घर आहे. ऊसतोड सुरू झाली की महाराष्ट्रात कुठं ना कुठं फडात डोळे न उघडलेली पिल्लं सापडतात आणि बिबट्या आला म्हणून गाव गोळा होतं. पुष्कळदा ती रानमांजराची असतात, किंवा वाघाटीची. वाघाटी तर जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी, पूर्ण वाढली तरी आमच्या चटणीच्या निम्मी. जाणती माणसं पिल्लं उचलून नेत नाहीत, वनखात्याला कळवतात. पिल्लं पुन्हा जागेवर ठेवतात आणि लांब थांबतात. रात्री आई येते, एकेकाला मानेला धरून नेते. मुकादमाला टनाचा हिशेब असतो, गाडी थांबलेली असते, तरी उसाचा तेवढा पट्टा त्या रात्रीपुरता उभा ठेवल्याचे प्रसंग घडले आहेत. साखरेच्या धंद्यातला हा गोडवा कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

पण सगळं असं शहाण्यासारखं चालत नाही. चटणी मारते. भुकेपोटी नव्हे, दुधभाकरी खाऊन, मिशा पुसून, निवांतपणे मारते. कर्दळीची पानं शिवून शिंप्यानं केलेलं घरटं एका सकाळी रिकामं दिसलं, आणि वहिनीच्या उंबऱ्यावर चटणीनं एक अंगठ्याएवढा देह आणून ठेवला, आहेर ठेवावा तसा. तिला शाबासकी हवी होती. आम्ही ज्या मुलखात राहतो तिथं ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. हा माळढोकाचा मुलूख. तो मीटरभर उंचीचा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो, गवताच्या भरवशावर. टिटवी, तित्तर, चंडोल, सगळ्यांचे संसार जमिनीवर, दाराविना. तिथं भटकी कुत्री-मांजरं असताना वाघाची गरज काय? न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ साली दीपगृहासाठी माणसं राहायला गेली, सोबत मांजर गेलं. आणि न उडणारा एक चिमुकला पक्षी, जो पुढं जगात आणखी कुठंच जिवंत दिसला नाही, तो मांजरानं आणून ठेवलेल्या देहांवरूनच शास्त्राला ठाऊक झाला. शोध आणि शेवट एकाच तोंडातून.

मग घंटेचा विषय निघाला. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांच्या सभेत अडलेला प्रश्न वहिनीनं एका दुपारी सोडवला. सिद्धेश्वराच्या गड्ड्यावरून बैलांसाठी आणलेल्या जुन्या साजातलं एक बारीक घुंगरू तिनं दोऱ्यात ओवलं आणि चटणी झोपेत असताना बांधून टाकलं. ब्रिटनमध्ये २००२ साली तपासून पाहिलं होतं, घंटेनं शिकार निम्म्याच्या आसपास उतरते. आमच्याकडंही उतरली. सातभाईंना तर पर्वणीच. घुंगरू वाजलं की कडुलिंबावर आमसभा भरायची आणि चटणी फाटकातून आत यायच्या आधी तिचा निषेध मंजूर व्हायचा. पंचाईत झाली ती शेजारच्या शेळीची. तिच्याही गळ्यात घंटी. ती बिचारी पाला खायला कुंपणाशी आली की सातभाई तिच्या डोक्यावर जमून शिव्यांचा पाऊस पाडत. शेळी वर बघायची, तोंडातला पाला तसाच. आपण नेमकं कुणाला खाल्लं हे आठवायचा तिचा प्रामाणिक प्रयत्न चाललेला असायचा.

शिकार कमी झाली तशी चटणी घरात अधिक रमू लागली. माझ्या टेबलावर मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश उघडा असतो, तिला तीच जागा पसंत पडली. पानं उलटून बरोबर मध्यावर, भारद्वाजापासून मोरापर्यंत कुणीही असो, ती त्यांच्यावर अंगाचं मुटकुळं करून झोपते. मिटल्या डोळ्यांनी, पोटाच्या उबेनं, सगळे पक्षी एकदम वाचून काढते. चितमपल्ली याच सोलापुरात १९३२ साली जन्मले, नोकरीचं सारं आयुष्य महाराष्ट्राच्या जंगलांत काढलं, २००६ साली सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि जून २०२५ मध्ये इथंच त्यांनी डोळे मिटले. गिरण्यांच्या भोंग्यावर जागणाऱ्या गावातून पाखरांच्या बोलीवर जागणारा माणूस निघावा, याचा मला नेहमी अचंबा वाटतो. त्यांच्या ग्रंथावर मांजर झोपलेलं त्यांनी पाहिलं असतं, तर हाकललं नसतं असं मला वाटतं. रानात राहिलेल्या माणसाला खाणारा आणि खाल्ला जाणारा एकाच पानावर असतात हे आपल्याहून लवकर समजतं.

माणसाला मात्र पान वेगळं लागतं, रेघ लागते. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र ८४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, रस्ते, सगळंच आलं. जमीन विकता-घेताना लोक मेटाकुटीला आले, आणि पक्ष्याला वाटलंही नसेल इतकी बोलणी त्याला खावी लागली. पुढं रेघ मागं घेतली, क्षेत्र १२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आलं. पक्षी तोवर हाताच्या बोटांवर आले होते. ज्या गवतावर ते जगले, त्या माळाची सरकारी नोंद पुष्कळ ठिकाणी पडीक अशीच. म्हणजे जिथं लांडगा, काळवीट, खोकड, माळढोक नांदतात, तिथं कागद म्हणतो काही नाही. आमच्या बागेची नोंदही तशीच पोकळ आहे. सातबाऱ्यावर दादाचं नाव, माझं नाव, आणि शेजारी एक रकाना, इतर अधिकार. त्यात सोसायटीचा बोजा आणि विहिरीतला चुलत्यांचा हिस्सा लिहिला आहे.

परवा उतारा काढून आणला तेव्हा मी दादाला म्हटलं, "या रकान्यात मुंगसाचं, खोकडाचं, त्या रानमांजराचं नाव चढवायला पाहिजे. खरी वहिवाट त्यांची."

दादा मेथीचा वाफा सारखा करत होता. मान वर न करता म्हणाला, "चढव की. पर खोकडाला वारस दाखला मागतील."

"आणि चटणीचं?"

आत्ताच सारखा केलेल्या वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला चटणी आपल्या खाजगी कामासाठी मन लावून माती उकरत होती. घुंगरू वाजत होतं. दादानं तिच्याकडं पाहिलं, खुरपं खाली ठेवलं आणि तिचं उरकेपर्यंत थांबला.

"ती कूळ हाय," तो म्हणाला. "कसंल त्याची जमीन."